धावणाऱ्यांची टाचदुखी : बरी होऊनही ती पुन्हा का उलटते

तक्रार साधारण अशी असते. सकाळी अंथरुणातून उठून पहिले पाऊल जमिनीवर टेकवले की टाचेच्या तळाला, आतल्या अंगाला, खिळा टोचल्यासारखी कळ येते. दहा-पंधरा पावले लंगडत टाकल्यावर ती ओसरते, चहाचे आधण ठेवेपर्यंत चाल जवळजवळ नीट होते, आणि म्हणूनच त्याच सकाळी बूट चढवून बाहेर पडण्याचा मोह आवरत नाही. धावताना पहिला किलोमीटर टाच कुरकुरते, अंग तापले की गप्प बसते, आणि त्याची वसुली पुढे करते : तासभर खुर्चीत बसून उठल्यावर, नाहीतर दुसऱ्या दिवशी पहाटे. दोन-तीन आठवडे विश्रांती घेतली की दुखणे जाते आणि धावणे सुरू केले की महिन्याभरात परत येते. पहिल्यांदाच टाच दुखू लागलेल्यांनाही पुढील मजकुराचा उपयोग होईल, परंतु तो मुख्यतः ज्यांची टाच दुसऱ्या किंवा तिसऱ्या वेळी उलटली आहे त्यांच्यासाठी लिहिला आहे.

मी पुण्यात राहते, वय ४४, नऊ वर्षांपासून धावते, आणि त्यातील चार वर्षांत माझी डावी टाच तीन वेळा धरली. मी डॉक्टर नाही. जे लिहिते आहे ते दोन फिजिओथेरपिस्टांनी शिकवलेले, स्वतः वाचून ताडून पाहिलेले आणि स्वतःच्या पायावर चुकत चुकत कळलेले आहे, हे लक्षात ठेवूनच ते वाचावे.

आधी दुखणे तेच आहे ना, हे पाहावे

टाचेचे दुखणे म्हणजे प्लांटार फॅसिआयटिस, म्हणजे तळपायाच्या पट्ट्याचे दुखणे, असे समीकरण धावणाऱ्यांच्या गटांत इतके पक्के झाले आहे की कुणी टाचेचे नाव काढले की बाटली तळपायाखाली फिरवण्याचा सल्ला लगेच येतो. पण उपाय लागू पडत नसेल तर पहिली शंका निदानावर घ्यावी, आणि त्यासाठी एकच बोट पुरेसे असते. खुर्चीत बसून पाय मांडीवर घ्यावा, दुसऱ्या हाताने पायाची बोटे नडगीच्या दिशेने मागे ओढावीत आणि अंगठ्याने टाचेच्या तळाचा आतला कोपरा, म्हणजे जिथे टाच संपून तळपायाची कमान सुरू होते ती जागा, दाबून पाहावी. नेमके तिथेच दुखत असेल आणि सकाळच्या पहिल्या पावलांना सर्वांत जास्त दुखत असेल, तर आपण योग्य वाटेवर आहोत असे समजण्यास हरकत नाही.

दुखरी जागा टाचेच्या मधोमध असेल, मुका मार लागल्यासारखी वाटत असेल आणि कडक फरशीवर जितके जास्त उभे राहावे तितकी वाढत असेल, तर टाचेखालच्या चरबीच्या गादीचा प्रश्न असू शकतो. ही गादी बारीक कप्प्यांत बांधलेल्या चरबीची असते आणि वयाबरोबर तिचा लवचिकपणा कमी होतो. तिला ताण देण्याच्या व्यायामाचा उपयोग नसतो; मऊ तळ आणि टाचेभोवती घट्ट टेप यांनी आराम पडतो. दुखणे टाचेच्या मागच्या बाजूला, बुटाची कड घासते तिथे असेल, तर ते अकिलीस टेंडन, म्हणजे पोटरीला टाचेशी जोडणारा जाड दोर, हाडाला चिकटते त्या जागेचे असते, आणि इथे एक सापळा आहे : पायरीच्या कडेवर उभे राहून टाच खाली सोडण्याचा जो ताण सर्वांना सर्रास सांगितला जातो, तो या दुखण्यात टेंडनला हाडावर दाबतो आणि त्रास वाढवतो. माझ्या ओळखीच्या एका धावपटूने चार महिने तो व्यायाम निष्ठेने केला आणि टाचेवर गाठ आल्यावरच थांबवला. अलीकडे सिप्रोफ्लॉक्सासिनच्या वर्गातील प्रतिजैविक घेतले असेल आणि त्यानंतर टाचेच्या मागे दुखू लागले असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे, कारण या औषधांनी टेंडनला इजा होऊ शकते.

जळजळ, मुंग्या किंवा बधिरपणा असेल तर घोट्याच्या आतल्या बाजूने जाणारी नस दबत असण्याची शक्यता असते. टाच दोन्ही बाजूंनी, म्हणजे डाव्या-उजव्या अंगांनी, तळहातांमध्ये धरून दाबल्यावर जोराची कळ आली, किंवा पाय जमिनीवर नसताना आणि रात्री झोपेतही ठणका राहिला, तर धावणे त्याच दिवशी बंद करावे. टाचेच्या हाडाला बारीक तडा गेला असण्याची ही खूण असू शकते. असा तडा पहिल्या दोन-तीन आठवड्यांत साध्या एक्स-रेमध्ये बहुधा दिसत नाही, त्यामुळे एक्स-रे स्वच्छ आला म्हणून निश्चिंत होऊ नये आणि एमआरआयबद्दल विचारावे. ज्या स्त्रियांची पाळी धावण्याचे प्रमाण वाढल्यावर अनियमित झाली किंवा थांबली असेल, त्यांनी ही शक्यता अधिक गांभीर्याने घ्यावी.

दोन्ही टाचा एकदमच दुखतात, सकाळी कंबर अर्ध्या तासाहून अधिक आखडलेली असते आणि हालचालीने मोकळी होते, घरात कुणाला सोरायसिस आहे किंवा स्वतःचे डोळे मधूनमधून लाल होऊन दुखतात, अशी हकीकत असेल तर धावण्याला दोष देत बसण्यापेक्षा संधिवाताच्या तज्ज्ञांकडे जावे. कुरूप झाले असेल तर ते डोळ्यांना दिसतेच, तरीही तळपाय उलटा करून पाहण्याचे कष्ट बरेच जण घेत नाहीत.

टाचेचे हाड वाढले आहे, हे वाक्य

पहिल्या वेळी मी ज्या दवाखान्यात गेले तिथे एक्स-रे काढून, पडद्यावर एक टोकदार सावली दाखवून, टाचेचे हाड वाढले आहे असे मला सांगण्यात आले. त्या काट्याचे चित्र डोक्यात इतके रुतले की प्रत्येक पावलाला तो मांसात घुसतो आहे असे मी समजू लागले, आणि जवळजवळ दोन महिने मी पाय टेकवतानाच अंग चोरत होते. मागाहून कळले की असा काटा टाच कधीही न दुखलेल्या पुष्कळ लोकांच्या एक्स-रेमध्ये सापडतो, आणि ज्यांची टाचदुखी पूर्ण बरी होते त्यांचाही काटा जागच्या जागी असतो. एक्स-रे काढू नये असे मला म्हणायचे नाही. काट्याचे भय बाळगून चालणे बदलू नये, एवढेच.

खरा मामला टाचेच्या हाडापासून पायाच्या बोटांपर्यंत जाणाऱ्या जाड, पांढऱ्या, दोरखंडासारख्या पट्ट्याचा आहे. त्याचे काम समजण्यासाठी विहिरीवरचा रहाट आठवावा. पाऊल मागे पडताना टाच उचलली जाते, बोटे वर वळतात, आणि बोटांच्या मुळांशी हा पट्टा रहाटावर दोर गुंडाळावा तसा ओढला जातो. त्यामुळे कमान उंचावते आणि सैल पाऊल क्षणभर घट्ट तरफ बनते. ब्रिटिश शल्यविशारद जे. एच. हिक्स यांनी १९५४ मध्ये या यंत्रणेचे वर्णन केले. धावताना हा दोर हजारो वेळा ताणला जातो, आणि पोटरी जितकी अशक्त तितका दमलेल्या पायाचा भार त्याच्यावर अधिक पडतो. रात्रभर पाऊल खाली झुकलेले राहून पट्टा आखडतो आणि सकाळी पहिल्याच पावलाला त्यावर सगळे वजन येते, म्हणून ती पहिली कळ.

या दुखण्याच्या नावातच सूज आहे (‘आयटिस’ म्हणजे दाह), परंतु २००३ साली हार्वे लेमाँट आणि सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेत काढलेल्या ५० नमुन्यांचा आढावा घेतला तेव्हा त्यांना दाह न आढळता तंतूंची झीज आणि विस्कळीतपणा आढळला. उपायांच्या दृष्टीने ही गोष्ट फार मोलाची आहे. सूज असती तर गोळी, बर्फ आणि विश्रांती यांवर काम भागले असते. जुन्या टाचदुखीत दोरच विरलेला असतो, आणि विरलेला दोर नुसता खुंटीला टांगून ठेवल्याने पुन्हा मजबूत होत नाही. विश्रांतीत कळ जाते, पण पट्टा होता तितकाच राहतो, पोटरी मात्र त्या तीन आठवड्यांत आणखी अशक्त होते. मग आपण बरे वाटले म्हणून जुन्या अंतरावर जुन्या वेगाने परततो. माझी टाच तीनही वेळा याच कारणाने उलटली, फक्त प्रत्येक वेळी निमित्त निराळे होते.

तीन वेळा, तीन निमित्ते

पहिले निमित्त साताऱ्याचे. सातारा हिल हाफ मॅरेथॉन यवतेश्वरचा घाट चढून कासच्या दिशेने जाते आणि त्याच वाटेने उतरते, त्यामुळे तिच्या तयारीत चढ टाळता येत नाही. जुलैमध्ये मी तीन आठवड्यांत साप्ताहिक अंतर २८ किलोमीटरवरून ४५ वर नेले आणि त्याच तीन आठवड्यांत रविवारी सिंहगडाचा घाटरस्ताही धरला. चढावर घोटा अधिक वाकतो, पोटरीला अधिक काम पडते आणि बोटे जास्त मागे वळतात, म्हणजे रहाट अधिक ताणून फिरतो. अंतर आणि चढ या दोन गोष्टी एकाच वेळी वाढवण्याची चूक मी केली, आणि टाच ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात धरली तेव्हा दोष मात्र पावसाळ्यातल्या ओल्या बुटांना दिला.

दुसरे निमित्त सवलतीत मिळालेल्या बुटांचे. जुन्या बुटांत टाच पुढच्या भागापेक्षा १० मिलिमीटर उंच होती, नव्यात ४ मिलिमीटर. कमी उंचीचे बूट वाईट नसतात, परंतु ते पोटरीवर आणि अकिलीस टेंडनवर जादा काम टाकतात, आणि मी पहिल्याच दिवशी ते घालून १६ किलोमीटर धावले. वीस दिवसांनी सकाळची कळ परत आली.

तिसऱ्या वेळी धावण्यात काहीही बदलले नव्हते, उलट धावणे कमीच होते, आणि म्हणून ते कोडे सर्वांत उपयोगी ठरले. मी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत, जिथे दुधाचा हिशेब लिहिते त्याच चौकटींत, रोज सकाळच्या पहिल्या दहा पावलांच्या कळेला शून्य ते दहांमधला एक आकडा देत असे. ऑक्टोबरभर शून्य आणि एक होते. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात तीन, चार, पाच असे चढत गेले. त्या चार दिवसांत मी अनवाणी, शहाबादी फरशीवर, ओट्याशी उभी राहून रोज पाच-सहा तास चकल्या आणि शंकरपाळे तळत होते. धावण्याच्या घड्याळात त्या तासांची नोंद कुठेच नव्हती, टाचेत मात्र होती.

हे आपल्याकडे विशेष लक्षात घेण्यासारखे आहे. टाचदुखीवरचे बरेचसे परदेशी लिखाण घरातही बूट किंवा सपाता वापरणाऱ्यांना डोळ्यांपुढे ठेवते. आपण उंबऱ्याबाहेर चपला काढतो आणि दिवसाचे कितीतरी तास फरशीवर अनवाणी वावरतो. धावण्यासाठी महाग बूट घेतो आणि उरलेल्या वेळात पायाला काहीच देत नाही. निरोगी पायाला अनवाणी चालण्याने काही होत नाही, ते चांगलेच असते. पण दुखऱ्या टाचेला कडक फरशी हा दिवसभराचा व्यायाम होऊन बसतो.

कळ तीव्र असतानाचे दिवस

म्हणून माझा पहिला उपाय बुटांच्या दुकानात नसून पलंगाखाली असतो. घरात वापरण्यासाठी, बाहेर कधीच न नेलेली, जाड आणि किंचित उंच टाचेची चपलांची एक जोडी पलंगाशी ठेवावी आणि पहिले पाऊल तिच्यातच टाकावे. आमच्याकडे सासूबाईंना स्वयंपाकघरातली चपल पटणे शक्य नव्हते. नवी कोरी जोडी, देवघराच्या बाहेर काढून ठेवायची आणि रोज पुसायची, या अटींवर तह झाला. सपाट स्लीपर आणि कोल्हापुरी या दोन्ही या काळात बाजूला ठेवाव्यात, कारण दोन्हींच्या तळाला दुखऱ्या टाचेसाठी काहीच नसते. ओट्याशी उभे राहावे लागत असेल तर पायाखाली जाड रबरी चटई टाकावी.

अंथरुणातून उठण्यापूर्वीचा ताण मात्र कधीही चुकवू नये. दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर घेऊन, बोटांच्या मुळांशी धरून ती नडगीकडे ओढावीत, तळपायाचा पट्टा तारेसारखा ताठ झाल्याचे दुसऱ्या हाताला जाणवले पाहिजे. दहा सेकंद धरून असे दहा वेळा, दिवसातून तीनदा, आणि त्यातली पहिली फेरी जमिनीवर पाय ठेवण्याआधी. अमेरिकेतील बेनेडिक्ट डिजोवानी यांच्या २००३ सालच्या अभ्यासात जुनी टाचदुखी असलेल्या १०१ रुग्णांमध्ये आठ आठवड्यांनंतर हा ताण नुसत्या पोटरीच्या ताणापेक्षा सरस ठरला होता. दुपारी खुर्चीतून उठण्याआधीही तो करावा.

पांढऱ्या, न ताणल्या जाणाऱ्या टेपने कमान बांधल्यास काही दिवस चांगला आराम मिळतो. एकदा फिजिओथेरपिस्टकडून बांधून घेऊन शिकावे, कारण व्हिडिओ पाहून बांधलेला टेप बहुधा बोटांना काचतो. इन्सोलचा, म्हणजे बुटाच्या आत घालायच्या तळाचा, थोडा उपयोग होतो, परंतु पायाचा साचा घेऊन बनवलेले महाग इन्सोल तयार मिळणाऱ्या साध्या इन्सोलपेक्षा दीर्घकाळात सरस ठरत नाहीत, त्यामुळे सुरुवात साध्यापासून करावी. गोठवलेली पाण्याची बाटली किंवा लाटणे तळपायाखाली फिरवल्याने तात्पुरते बरे वाटते, तेवढ्यासाठी ते खुशाल करावे, मात्र टाचेच्या दुखऱ्या बिंदूवरच जोर देऊन रगडू नये.

गरम विटेवर रुईची पाने ठेवून टाच शेकण्याचा उपाय आपल्या घरोघरी माहीत आहे आणि सासूबाईंनी तो माझ्यावर प्रेमाने केलाही. उबेने आखडलेपण सुटते, हे खरे. परंतु मधुमेह असलेल्या किंवा पायाची जाणीव कमी झालेल्या व्यक्तीने तो मुळीच करू नये, कारण भाजल्याचे कळत नाही. आणि रुईचा चीक त्वचेला आणि डोळ्यांना त्रासदायक असतो, तेव्हा हात धुवावेत. वेदनाशामक गोळी घेऊन धावायला जाणे ही मात्र सरळ चूक आहे : कळ हाच आपला एकमेव मापक असतो आणि गोळी तो झाकून ठेवते, शिवाय घाम गाळत लांब अंतर धावताना अशा गोळ्यांचा मूत्रपिंडांवर ताण पडू शकतो.

धावणे पूर्ण बंद करावे का? सकाळचा आकडा पाच किंवा त्याहून अधिक असेल, किंवा लंगडल्याशिवाय चालता येत नसेल, तर होय, आणि तेवढे दिवस सायकल किंवा पोहणे करावे. आकडा त्याखाली असेल तर मी अंतर निम्म्यावर आणते, चढ आणि वेगाच्या फेऱ्या पूर्ण काढून टाकते, आणि धावणे एक दिवसाआड ठेवते.

जिना

आता ज्या भागामुळे टाच उलटायची थांबली, तो. तिसऱ्या वेळी फिजिओथेरपिस्टने मला भिंतीला बोट टेकवून, एका पायावर उभे राहून, टाच पूर्ण उचलण्यास सांगितले. उजव्या पायावर २७ वेळा जमले. डाव्यावर अकराव्या वेळी टाच अर्धीच उचलली गेली आणि गुडघा वाकू लागला. नऊ वर्षे धावणाऱ्या, दोनदा बऱ्या झालेल्या माझ्या पायात एवढी तफावत होती आणि ती मला सपाट रस्त्यावर कधी कळलीच नव्हती. वाचकांनी हा मजकूर बाजूला ठेवून ही चाचणी आत्ताच करून पाहावी.

व्यायाम डेन्मार्कमधील मायकेल रॅथलेफ आणि सहकाऱ्यांच्या ४८ रुग्णांवरील अभ्यासातला आहे. जिन्याच्या पायरीच्या कडेवर पंचाची गुंडाळी ठेवावी आणि पायाची बोटे तिच्यावर अशी टेकवावीत की ती पूर्ण वर वळतील, म्हणजे रहाटावर दोर आधीच चढलेला असेल. कठड्याचा आधार घेऊन, एका पायावर, तीन सेकंदांत टाच वर न्यावी, दोन सेकंद तिथे थांबावे, तीन सेकंदांत खाली आणावी. दिवसाआड करावा, रोज नाही, कारण मधला दिवस पट्ट्याला सावरण्यासाठी लागतो. सुरुवात जेमतेम १२ वेळा जमेल इतक्या भाराने, तीन फेऱ्या. दोन आठवड्यांनी पाठीवरच्या पिशवीत पुस्तके भरून भार वाढवावा आणि १० वेळांच्या चार फेऱ्या. आणखी दोन आठवड्यांनी ८ वेळांच्या पाच. ज्यांना एका पायावर १२ वेळा जमतच नाही त्यांनी दोन्ही पायांवर सुरू करावे, मी तसेच केले. घाई करू नये. वर जाताना उसळी मारून संख्या भरणे ही इथली नेहमीची फसवणूक आहे.

या अभ्यासात तीन महिन्यांनंतर व्यायामाचा गट नुसता ताण देणाऱ्या गटापेक्षा बराच पुढे होता, पण वर्षअखेरीस दोन्ही गट सारखेच सुधारलेले होते, हेही सांगितले पाहिजे. मग जिना कशाला? त्याचे उत्तर माझ्यापुरते असे की बसून काम करणाऱ्या माणसाची कळ ताणानेही जाईल, मात्र ज्याला पुढे २१ किलोमीटर घाटात पळायचे आहे त्याला कळ गेलेली टाच पुरत नाही, भार पेलणारी पोटरी लागते. करताना टाच थोडी दुखली तर चालते. दहांपैकी तीनपर्यंतची कळ मी सोसते, आणि ती दुसऱ्या सकाळच्या आकड्यात उतरली नाही तर भार योग्य आहे असे धरते. उतरली तर पिशवीतले एक पुस्तक कमी. पहिले तीन आठवडे काहीच फरक जाणवला नाही, पाचव्या आठवड्यापासून आकडा सरकू लागला, आणि डाव्या पायावर २५ पर्यंत पोहोचायला साडेचार महिने लागले. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही याचा मला तेवढ्या काळात प्रथमच आनंद झाला.

गुडघा वाकवूनही हाच व्यायाम थोडा करावा, कारण पोटरीतला खोलवरचा सोलियस स्नायू, जो धावताना सर्वांत जास्त राबतो, त्यात अधिक कामाला लागतो.

पुन्हा धावताना

कळ गेली त्या दिवशी धावणे सुरू करण्याऐवजी मी तीन गोष्टींची वाट पाहते : सलग सात सकाळी आकडा दोन किंवा त्याखाली, अर्धा तास झपाझप चालल्यावर दुसऱ्या दिवशी तो न वाढणे, आणि दुखऱ्या पायावर निदान वीस वेळा टाच उचलता येणे. मग एक मिनिट धावणे आणि एक मिनिट चालणे अशा दहा जोड्या, सपाट आणि शक्यतो मातीच्या वाटेवर, दिवसाआड. पुढच्या आठवड्यात दोन मिनिटे धावणे, एक मिनिट चालणे. सलग अर्ध्या तासापर्यंत पोहोचायला मला सहा आठवडे लागले, आणि ओळखीची माणसे शेजारून निघून जाताना चालत राहणे हा त्यातला सर्वांत अवघड व्यायाम होता.

यापुढे एका वेळी एकच गोष्ट वाढवते. अंतर वाढते आहे तोवर चढ नाही. चढ सुरू केला की अंतर आहे तिथे थांबते. वेग सर्वांत शेवटी. चढाची सुरुवात वेताळ टेकडीवर चालत करते, धावत नाही, कारण टेकडीची वाट मऊ असली तरी उंचसखल असते आणि पाऊल वेडेवाकडे पडते. नवे बूट आठवड्यातून एकदा, पाच किलोमीटरच्या आत, आणि बाकी वेळ जुने, असे महिनाभर चालवते. पावसाळ्यात दोन जोड्या आलटून पालटून वापरल्या की प्रत्येक जोडी नीट वाळते, आणि फोम दबून गेलेली जोडी केवळ वरून चांगली दिसते म्हणून पुढे रेटली जात नाही. पाच-सातशे किलोमीटरनंतर ती बाजारहाटीसाठी वापरावी.

सकाळचा आकडा मात्र दुखणे गेल्यावरही लिहीत राहावे. माझ्या दिनदर्शिकेत कळ खऱ्या अर्थाने परत येण्याच्या आठ-दहा दिवस आधी शून्याचे एक आणि एकाचे दोन झालेले तीनही वेळा दिसतात. त्या टप्प्यावर आठवडाभर अंतर कमी केले असते तर दोन महिने वाचले असते.

तरीही हटत नसेल तर

बहुतेकांची टाचदुखी शस्त्रक्रियेविना बरी होते, पण तिला महिने लागतात, कित्येकदा वर्षही. जिना, ताण आणि घरातली चपल हे सर्व तीन महिने मनापासून करूनही आकडा हलत नसेल तर परत निदानापाशी यावे आणि सोनोग्राफी करून घ्यावी. तिच्यात पट्ट्याची जाडी आणि फाट दोन्ही दिसतात. त्यानंतर शॉकवेव्ह उपचार, म्हणजे दुखऱ्या जागी यंत्राने बाहेरून ध्वनिलहरींचे धक्के देणे, विचारात घेण्याजोगा आहे, विशेषतः जुन्या दुखण्यात, आणि तो व्यायामाच्या जोडीला घ्यावा, व्यायामाऐवजी नाही.

स्टेरॉइडच्या इंजेक्शनबद्दल धावणाऱ्यांनी विशेष सावध असावे. त्याने पहिले काही आठवडे झपाट्याने आराम पडतो, आणि नेमका तोच धोका आहे. पट्टा विरलेलाच असतो, कळ मात्र नाहीशी होते; शिवाय इंजेक्शनने पट्टा तुटण्याचा आणि टाचेची चरबी झिजण्याचा संभव वाढतो. स्पर्धा पंधरा दिवसांवर आली म्हणून ते घेऊ नये. घ्यावे लागलेच तर त्यानंतर किती दिवस धावायचे नाही हे डॉक्टरांना स्पष्ट विचारावे आणि सांगितल्याहून कमी करू नये. धावताना तळपायात काही तुटल्यासारखा आवाज आला आणि कमानीत निळसर डाग उमटला, तर त्या दिवशी घरी चालतही येऊ नये, रिक्षा करावी आणि अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. शस्त्रक्रियेचा विचार फार थोड्यांना करावा लागतो, आणि तोही सहा ते बारा महिने बाकी सर्व करून झाल्यावर.

यंदाचा माझा बेत असा आहे : एप्रिलपासून आठवड्यातून दोनदा जिना, जूनपर्यंत फक्त सपाटीवर ३० किलोमीटर, जुलैमध्ये अंतर तेवढेच ठेवून पंधरवड्यातून एकदा घाट, आणि ऑगस्टमध्ये दर रविवारी. दिवाळीच्या चकल्या या वर्षी ओट्याशी उभे राहून न तळता गॅसची शेगडी खाली घेऊन, पाटावर बसून तळणार आहे. सासूबाई म्हणतात, आम्ही पूर्वी तशाच तळत होतो.